सुताची ओल सांगणारी पेटी

आमच्या नगरातल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागायला दोघीजणी आल्या होत्या. "तुम्ही इलेक्ट्रॉनिक्समध्ये होता म्हणे," असं म्हणाल्या. मी चहा केला, बिस्किटं दिली आणि जमणार नाही म्हणून सांगितलं. त्या गेल्यावर वही काढून लिहायला बसले. माझं असंच आहे. माणूस समोर असताना तोंड उघडत नाही आणि तो जिना उतरला की सगळं सुचतं. तेव्हा हा लेख अंकात यायचा नाही. वहीत राहील, आणि वहीला माझ्या शुद्धलेखनाची सवय आहे.

"इलेक्ट्रॉनिक्समध्ये होते" हे ऐकायला बरं वाटतं. माझं शिक्षण चौथी पास. माहेर करमाळ्याकडचं, गावात शाळा तेवढीच होती. लग्न होऊन सोलापुरात आले. हे मिलमध्ये होते. एका तापाचं निमित्त झालं आणि ते गेले, तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. मला मण्यांची तोरणं करता यायची, एवढीच एक विद्या. त्याच सुमाराला होटगी रोडवर हलकुडे साहेबांनी एका शेडमध्ये कारखाना काढला होता आणि त्यांना बारीक नजरेच्या, हात न थरथरणाऱ्या बायका हव्या होत्या. मी एक तोरण घेऊन गेले. साहेबांनी चार-पाच प्रश्न विचारले. भीतीने मला त्यातला एकही कळला नाही. प्रत्येक प्रश्नाला मी तोरण थोडं पुढे सरकवत गेले. शेवटी ते त्यांच्या मांडीवरच जाऊन पडलं. "बरं, सोमवारपासून या," साहेब म्हणाले.

कारखान्यात आम्ही एक पेटी बनवायचो. ती सुतात किती ओल आहे ते सांगायची. सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. कापड विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात, म्हणजे कांजीतून काढतात, आणि मग वाफेच्या गरम पिंपांवरून सुकवतात. याला सायझिंग म्हणतात. सूत ओलं राहिलं तर बुरशी धरतं, फार सुकलं तर मागावर पटापट तुटतं. मधलं नेमकं कुठं थांबायचं हे जुने लोक सूत गालाला लावून ओळखायचे. साहेबांच्या डोक्यात आलं की गालाऐवजी पेटी असावी.

ओल्या सुतातून अगदी थोडी वीज जाते, सुक्यातून त्याहून थोडी. ही वीज इतकी क्षीण असते की तिच्याने मीटरचा काटा हलत नाही. म्हणून सूत आणि काटा यांच्या मध्ये एक आठ पिनांचा काळा तुकडा बसवायचा. त्याला आम्ही सेव्हन-फोर-वन म्हणायचो. त्याचं जातीचं नाव ऑपरेशनल अँप्लिफायर, घरचं नाव ऑप-अँप. दिसायला चिंचोक्याएवढा.

हा चिंचोका करतो काय, ते साहेबांनी आम्हा पाच बायकांना फळ्यावर शिकवलं होतं. त्यांना शिकवायची फार हौस. "आदर्श ऑप-अँप कसा असतो, सांगतो," ते म्हणाले. "त्याला आत यायच्या वाटा दोन, बाहेर जायची एक. आतल्या वाटांनी तो स्वतःसाठी काडीचीसुद्धा वीज घेत नाही. नुसतं बघतो, दोन्हीकडे सारखं आहे का. इवलासा जरी फरक दिसला, तरी बाहेर पाहिजे तेवढा जोर लावतो. कितीही ओझं घाला, कुरकुरत नाही. आणि हे सगळं क्षणात."

स्वतःसाठी काही घेत नाही, कितीही ओझं घातलं तरी कुरकुरत नाही आणि सगळं क्षणात करतो. मी मनात म्हटलं, ही तर आदर्श सून. माझ्या सासूबाई जन्मभर हिलाच शोधत होत्या आणि ती हलकुडे साहेबांच्या डबीत निघाली. हे मी बोलले असते तर सगळ्या हसल्या असत्या. बोलले नाही, अर्थातच.

साहेबांचं पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं होतं. "बाहेर गेलेल्यातलं थोडं परत आतल्या वाटेवर आणून सोडायचं. मग तो दोन्ही वाटा सारख्या होईपर्यंतच जोर लावतो." हे मला घरी गेल्यावर पाणी तापवताना समजलं. दोन बादल्या घ्याव्यात. एकीत पाहिजे तसं कोमट पाणी, दुसरीत गार. एक हात हिच्यात, एक हात तिच्यात. दोन्ही हातांना सारखं लागेपर्यंत कुणीतरी गारात कढत पाणी ओतत राहायचं. सारखं झालं की थांबायचं. किती तांबे ओतावे लागले त्यावरून ते पाणी किती गार होतं ते कळतं. ऑप-अँप तेच करतो, फक्त बादलीतलं पाणी पीत नाही. आणि ही परत आणायची वाट तोडली, तर तो फरक दिसताच सगळा तांब्या पालथा करतो, पार शेवटच्या टोकाला जाऊन बसतो. आमच्या चाळीत अशा दोघी होत्या.

मी पहिल्या दिवशी सहाच्या सहा ऑप-अँप उलटे जोडले होते. त्याच्या एका कडेला बारीक ठिपका असतो, ती पहिल्या पिनेची खूण. मी ठिपका बघितलाच नाही. तपासणीला रफिकभाई होते. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. साहेबांनी त्यांना मुद्दाम मागून आणलं होतं. बाजारात त्यांच्या सहीला मान होता. तपासलेल्या प्रत्येक पेटीत ते सही करून एक चिठ्ठी चिकटवायचे. त्यांनी माझा पहिला बोर्ड हातात घेतला आणि म्हणाले, "अक्का, देवाकडं पाठ करून बसवलाय की हो ह्याला. ठिपका हिकडं, कपाळ हिकडं." मग सहाही स्वतःच काढून दिले. साहेबांना कळू दिलं नाही.

कपाळ हा शब्द माझ्या डोक्यात तेव्हापासून बसला. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. सायझिंगवाले नरसय्या शेठ आणि त्यांची भावकी, यांनी मिळून सहा पेट्या सांगितल्या. पहिलीच मोठी ऑर्डर. सहाही बोर्ड माझ्या हातचे. रफिकभाईंनी तपासून ठेवले आणि खंडेनवमी आली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. मशीन, हातोडी, सोल्डरिंगची आयर्न, साहेबांची स्कूटर, सगळ्यांना झेंडूची फुलं आणि हळदकुंकू. ते लावायचा मान सवाष्णींचा. आमच्यातली मोठी महानंदाबाई, तिनं ताट घेतलं. वाईट वागली नाही ती. "सुशीले, तू नारळ फोडायला दगड आण की," एवढंच म्हणाली. मी दगड आणला. तेवढ्या कामाला मी चालत होते.

मग सगळे पेढे खायला अंगणात गेले. मी मागे राहिले. टेबलावर सहा पेट्या झाकणं उघडून ठेवलेल्या. बाहेरून पत्र्याला कुंकवाची बोटं होती, आतल्या बोर्डांना काहीच नव्हतं. मला वाटलं, पत्रा कुणीही वाकवला असेल, बोर्ड तर मी केलेत. ताटातली हळद आणि कुंकू घेतलं, कलशातल्या पाण्यात कालवलं आणि सहाही ऑप-अँपना कपाळावर, ठिपक्याच्या कडेला, बोट टेकवलं. पाणी जरा जास्त झालं होतं. एक ओघळ पहिल्या दोन-तीन पिनांवर उतरला. मला ते शोभूनच दिसलं. पाच वर्षं कुंकवाला हात लावला नव्हता, प्रमाण विसरले असेन. मग बोट पदराला पुसलं आणि बाहेर जाऊन पेढा खाल्ला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रफिकभाईंनी पेट्या पुन्हा एकदा तपासल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या, झाकणं लावली. माल गेला.

आठ-दहा दिवसांनी नरसय्या शेठ सुताची मोळी घेऊन आले आणि साहेबांच्या टेबलावर टाकली. मराठी, तेलुगू जे तोंडात येईल ते बोलत होते. "काय वो साहेब, तुमची पेटी काय बोलते? ओला हाय, ओला हाय! म्हणून आमचा माणूस मशीन हळू चालवतो. आन् सूत तर पापडावानी मोडालंय! मागवाले माझ्या दारात बसलेत. माझा बाप गालाला लावून सांगायचा, तो बरा होता."

रफिकभाई तिकडे गेले. पेटी खरंच खोटं बोलत होती. सुकं सूत ठेवलं तरी काटा ओलं म्हणायचा. ती काढून कारखान्यात आणली, तपासली, तर बिनचूक. पुन्हा नेऊन बसवली, पुन्हा खोटी. सहाही पेट्या तशाच. तिसऱ्या खेपेनंतर साहेबांचा तोल गेला. शेडमध्ये सगळ्यांसमोर ते म्हणाले, "रफिकभाई, खरं सांगा, तपासल्या होत्या का नुसत्या सह्या ठोकल्या?"

रफिकभाई म्हणाले, "तपासल्या होत्या, सर."

"मग तितं गेलं की काय होतंय त्यांना? भूत लागतंय? अय्यो, माझं नाव गेलं की हो बाजारात! शनिवारी हिशोब करून टाकू आपण. सोमवारपासून येऊ नका."

रफिकभाई मान खाली घालून टेबल आवरायला लागले. मला आश्चर्य वाटलं. एरवी एका रेझिस्टरवरून साहेबांशी तासभर वाद घालणारा माणूस.

हे गुरुवारी सकाळी झालं. दुपारी चहा करायची पाळी माझी होती. शेडच्या कोपऱ्यात स्टोव्ह, शेजारच्या फळीवर परत आलेली पेटी उघडी पडलेली. आधण उकळत होतं आणि माझ्या मनात एकच घोळत होतं, तिथं असं काय आहे जे इथं नाही? तिथं वाफ आहे. सायझिंगच्या शेडमध्ये माणसाचा सदरा अंगाला चिकटतो, आणि आमच्या शेडमध्ये तर सोलापूरची कोरडी हवा, ओठ फुटतात. मी पेटी चालू केली. सूत लावलंच नव्हतं, काटा शून्यावर. ती आधणाच्या वाफेवर धरली. काटा हळूहळू उठला आणि ओलं, ओलं म्हणत वर गेला. आत बघितलं. कपाळावरचं कुंकू ओलसर होऊन काळपट लाल झालं होतं आणि पिनांच्या मधला तो ओघळ चकाकत होता.

सुताची वीज यायची ती दुसऱ्या पिनेवर. तिच्या शेजारच्या पिनेवर आधीच वीज. मधल्या ओल्या कुंकवातून ती चोरवाटेनं दुसरीवर येत होती आणि ऑप-अँप बिचारा इमानदारीनं तीही मोजत होता. त्याला काय ठाऊक सूत कोणतं आणि सुशीला कोणती.

गुरुवारी कळलं. बोलले शनिवारी. मधल्या दोन दिवसांत मी काय काय युक्तिवाद केले ते लिहायला लाज वाटते, पण वहीच आहे. पहिला असा, की आदर्श ऑप-अँप काही घेत नाही हे साहेबांनीच सांगितलं होतं, म्हणजे चूक साहेबांची. दुसरा असा, की नरसय्या शेठनी शेडमध्ये खिडक्या ठेवायला हव्या होत्या. तिसरा असा, की रफिकभाई हुशार आहेत, त्यांना कुठंही काम मिळेल. हा तिसरा मला सगळ्यात पटला. परत आलेल्या पेटीतलं कुंकू गुपचूप पुसून टाकावं असंही मनात आलं. शुक्रवारी कापूस घेऊन गेलेही. पण कुंकू पुसायला हात पुढे होईना. एकदा ते काम दुसऱ्यांनी माझ्यावर केलेलं होतं.

भीती चूक कबूल करायची नव्हती, कुंकू मी लावलं म्हणायची होती. बोर्ड जळला म्हणून बोलणी खाल्ली असती. विधवा बाईनं खंडेनवमीला चोरून कुंकू कालवलं, हे महानंदाबाईसमोर, साहेबांसमोर कसं सांगणार?

शनिवारी साहेबांच्या खोलीत नरसय्या शेठ बसलेले, रफिकभाई उभे. साहेबांनी चहा मागवला. मी एका हातात उकळती किटली आणि दुसऱ्या हातात पेटी घेऊन आत गेले. तोंडातून शब्द येणार नाही हे माहीत होतं, म्हणून तोरणासारखंच केलं. किटली टेबलावर ठेवली, झाकण काढलं, उघडी पेटी चालू करून वाफेवर धरली. काटा चढायला लागला.

साहेब वाकून बघायला लागले. चष्म्यावर वाफ आली, तो पुसून पुन्हा बघितलं. "हे लाल काय? कुंकू? आत? महानंदाबाई!"

महानंदाबाई दारातच होती. "मी पत्र्याला लावलं बाहिरनं. आतलं मला म्हाईत न्हाई."

"मग कुणी लावलं?"

"मी," मी म्हणाले.

"तुमी?" साहेब म्हणाले. महानंदाबाईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता किटलीतच जाऊन बसावं.

पहिले बोलले ते नरसय्या शेठ. "लावलं तर लावलं की! त्यात काय? पण बाई, बाहेरून लावायचं असतंय. आमी मागाला लावतो, सुताला लावतो का?" आणि स्वतःच्या बोलण्यावर स्वतःच मोठ्यानं हसले. मग साहेबही जरा सैल झाले. माझ्याकडे न बघता रफिकभाईंना म्हणाले, "तुमी झाकण लावताना हे बघितलं न्हाई?"

"बघितलं होतं, सर."

"बघितलं होतं? मग?"

"तेव्हा वाळलेलं होतं. मीटर बरोबर सांगत होतं. सही केली."

"आन् नंतर?"

रफिकभाई म्हणाले, "दुसऱ्या खेपेला कळलं, सर. पण सहाही बोर्ड अक्कांचे. सगळे बाहेर पेढे खात होते तवा ह्या एकट्याच आत होत्या. एवढं लपवून लावलेलं. मी सांगू कसं? आन् पुसू तरी कसं, माझ्या हातानं?"

साहेबांनी हिशोबाचा कागद घडी करून खणात टाकला आणि म्हणाले, "स्पिरिट घ्या. दोघं जावा. आजच्या आज सहाही साफ करून या." पुढे आमच्या प्रत्येक बोर्डाला व्हार्निशचा हात द्यायची पद्धत पडली. ती माझ्यामुळे. कारखान्याच्या प्रगतीतला माझा वाटा म्हणजे हा.

आम्ही सायझिंगच्या सगळ्या शेडांमध्ये फिरलो. रफिकभाई झाकण उघडायचे, कापसावर स्पिरिट घालून माझ्या हातात द्यायचे आणि तोंड दुसरीकडे करायचे. मी पुसायचे. पहिल्या बोर्डाला हात थांबला, दुसऱ्याला कमी, सहाव्याला मी पिनांच्या मधली घाण टोकदार काडीनं खरवडून काढत होते. प्रत्येक ठिकाणी सायझिंगचा माणूस सूत गालाला लावायचा, काटा बघायचा आणि मान हलवायचा.

शेवटची पेटी बंद करताना मी म्हटलं, "मला गुरुवारीच कळलं होतं, रफिकभाई."

"दोनच दिवस लागले की मग," ते म्हणाले. "मला वाटलं तुमी बोलणारच न्हाईत. मी तर टेंभुर्णीला मेव्हण्याच्या दुकानात जायचं ठरवलं होतं. ट्रंक बी भरली." हे त्यांनी हसत सांगितलं.

ट्रंकेचं ऐकून मला घरी जाऊन जेवण गेलं नाही असं नाही, जेवले. पण रविवारी सकाळी उठून मी पत्ता विचारत त्यांच्या घरी गेले. रफिकभाई बाहेर गेले होते. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. नाव सांगायला तोंड उघडलं आणि नेहमीसारखं काहीच आलं नाही. तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं, मग म्हणाली, "अक्का ना? आओ, बैठो."

खोलीच्या मधोमध ट्रंक उघडी होती. ती एकेक कपडा काढून खुंटीवर, फळीवर पुन्हा लावत होती. मी उभीच राहिले. जरा वेळानं तिनं एका चादरीची दोन टोकं माझ्याकडे केली. दोघींनी मिळून घडी घातली. मग दुसरी चादर, मग मुलीचे फ्रॉक, मग भांडी. ती काही विचारत नव्हती, मी काही सांगत नव्हते. इतकं सोपं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

अगदी तळाशी, जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेला, रफिकभाईंचा तपासणीचा मीटर होता. त्यांचा स्वतःचा, रेडिओच्या दुकानापासूनचा. तो तिनं फळीवर ठेवला नाही. दुपट्टा नीट केला आणि माझ्या हातात दिला.

"ये तुमीच न्या उद्या," ती म्हणाली. "त्यांच्या टेबलावर ठेवा. ते यायच्या आधी."